थंडी फक्त पायथ्यापुरती

दिवाळी सरली की टेकड्यांवर माणसं उगवतात. पावसाळ्यात निसरडं, उन्हाळ्यात रखरखीत, आता कसं सुखाचं, असं म्हणत पहाटे साडेपाचला आतकरवाडीत स्वेटर, जाकीट, कानटोपी आणि हातमोजे घातलेली मंडळी सिंहगडाकडे तोंड करून उभी राहतात. थंडी खरीच असते. रात्री गार झालेली हवा जड होऊन खाली साचते, त्यामुळे वारा पडलेला असेल तर पायथा हीच सगळ्यात गार जागा. म्हणजे जिच्यासाठी एवढे कपडे चढवले, तिला पाठ दाखवूनच आपण वर निघतो.

पंधरा मिनिटांत कानटोपी खिशात जाते, मग जाकीट कमरेला. आतला सुती बनियन तोवर घामाने चिंब झालेला असतो आणि तो काही लवकर वाळत नाही. माथ्यावर वारा लागला की दात वाजतात ते याच बनियनमुळे. खरं तर निघताना थोडं कुडकुडावं, अंगात लवकर वाळणारा टी-शर्ट असावा, जाकीट पिशवीत ठेवावं आणि वर पोचल्याबरोबर, घाम गार व्हायच्या आत चढवावं. हा सल्ला मी आवर्जून देतो आणि लोक आवर्जून कानटोपी घालून येतात.

वेळेचा हिशेब हा दुसरा घोळ. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली एक नियम घालून दिला. ढोबळमानाने, पाच किलोमीटर चालीला एक तास आणि 600 मीटर चढाला आणखी एक. आतकरवाडीची वाट पावणेतीन किलोमीटरच्या आसपास, चढ सुमारे 600 मीटर, म्हणजे झाला दीड तास. यात लिंबूसरबत, काकडी आणि 'थांब, एक फोटो' धरलेले नाहीत. गावातल्या माणसाला विचारावं तर तो म्हणतो, "हे काय दादा, अर्धा तास!" दोन्हींची बेरीज करावी. ती बरोबर येते.

पण खरी परीक्षा उतरताना, घसाऱ्यावर. पावसाने माती वाहून नेलेली असते आणि टणक जमिनीवर सुटा मुरूम तेवढा उरतो. त्यावर पाऊल म्हणजे छऱ्यांवर पाऊल. घाबरलेला माणूस मागे रेलतो, भार टाचेवर जातो, टाच सुटते आणि बैठक जमते. गुडघे किंचित वाकवून, भार पावलांवर ठेवून, अख्खा तळवा टेकत छोटी पावलं टाकली तर निभावतं. आधाराला वाळकं गवत धरू नये, ते मुळासकट सोबत येतं. वर्षभर माळ्यावर पडलेले बूट तर घालूच नयेत. दमट हवेने तळाचा फोम आणि गोंद आतून कुजलेला असतो, वरून बूट नवाकोरा दिसतो आणि तळ नेमका घसाऱ्यावर निरोप घेतो. पिशवीत दोन मीटर दोरी असली तर तो निदान बांधून तरी आणता येतो.

आणि कुसळं! दुसऱ्याच्या डोळ्यातल्या कुसळाची म्हण रचणाऱ्याने या वस्तूला फारच कमी लेखलंय. कुसळी गवताच्या बीला पुढे सुईसारखं टोक, त्यावर मागे वळलेले बारीक केस आणि शेवटी पिळाचं शेपूट असतं. दवाने शेपूट भिजलं की पीळ उलगडतो आणि बी गिरमिटासारखं आत शिरतं. केसांमुळे ते मागे येत नाही, म्हणून शेपूट ओढू नये, तुटतं. मोजा उलटा करावा आणि टोक धरून पुढच्या दिशेने काढावं. एका मोज्याला अर्धा तास सहज लागतो. कंटाळून मोजे तसेच वॉशिंग मशीनमध्ये टाकले, तर आठवडाभर घरातल्या ज्यांनी टेकडी पाहिलेलीही नाही ते ऑफिसात बसल्याबसल्या दचकतात.