“हाड जुळलं, मग रडगाणं कशाला?” या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गुडघ्याच्या वाटीच्या फ्रॅक्चरवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आठ-दहा ओळींत तुम्ही मला अर्धवट, घाबरट आणि लोकांना भीती घालणारा ठरवून मोकळे झालात. मतभेद असू शकतात. पण “रडगाणं” हा शब्द लागला, आणि तो मी सोडून देणार नाही.

तुमचं एक बरोबर आहे. “सहा आठवड्यांनी प्लास्टर निघतं” असं मी सरसकट लिहिलं होतं. चार ते सहा म्हणायला हवं होतं, शिवाय हल्ली बऱ्याचदा प्लास्टरऐवजी पाय सरळ धरून ठेवणारा ब्रेस देतात. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता तुमचं ते वाक्य: “एक्स-रेमध्ये हाड जुळलं की पेशंट बरा, पुढचे सगळे मनाचे खेळ.” इतक्या ठामपणे कसं लिहवलं हे तुम्हाला? वाटी म्हणजे गुडघ्यावरचं नुसतं झाकण नव्हे. मांडीच्या पुढच्या स्नायूचा जो जाड पट्टा खाली नडगीपर्यंत जातो, त्यातच ती बसलेली असते. ती त्या पट्ट्याला सांध्यापासून जरा पुढे धरते, म्हणून स्नायूला कमी जोरात पाय सरळ करता येतो. वाटी आडवी तुटून तुकडे लांब गेले की ही ओढच तुटते. म्हणून तर डॉक्टर आधी झोपल्या झोपल्या पाय सरळ उचलायला सांगतात. तो उचलता आला, फट दोन-तीन मिलिमीटरच्या आत असली आणि सांध्याकडचा पृष्ठभाग वरखाली झालेला नसला, तर बहुधा ऑपरेशन लागत नाही.

मला मात्र ऑपरेशन लागलं. दोन पिना आणि त्यांवरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवलेली तार. तिसऱ्या महिन्यात एक्स-रेत भेग दिसेनाशी झाली, डॉक्टर खूश, मीही खूश. त्याच दिवशी दवाखान्याचा जिना उतरताना तिसऱ्या पायरीवर गुडघ्याने दगा दिला आणि मी कठड्याला लटकलो. घरी टेप लावली तर त्या पायाची मांडी दुसऱ्यापेक्षा तीन सेंटीमीटरनं बारीक. टेपवरचा आकडा मनाचा खेळ कसा, ते सांगा.

पाय उचलला की टाच वर यायची, पण गुडघा किंचित वाकलेलाच राहायचा. फिजिओथेरपिस्ट बाई गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून म्हणायच्या, “दाबा, दहा मोजा, सोडा.” पहिले कित्येक दिवस टॉवेल हलायचासुद्धा नाही. तो स्नायू परत कामाला लावायला मला हाड जुळण्यापेक्षा दुप्पट वेळ लागला. त्यात पिनांची टोकं कातडीखाली टोचत राहिली. गुडघे टेकून बसणं शक्यच नव्हतं. वर्षानंतर पिना-तार काढल्या तेव्हा कुठे तो त्रास संपला. हे रडगाणं नाही. वाटीच्या ऑपरेशननंतर तार काढावी लागणं नेहमीचं आहे, आणि कोणी ते आधी सांगितलं असतं तर मी वर्षभर स्वतःला दोष देत बसलो नसतो.

तीन महिन्यांत धावू लागलेल्या तुमच्या मेहुण्यांबद्दल लिहिलंत, ते असेल. त्यांचं फ्रॅक्चर वेगळं असेल. “एकाच्या अनुभवावरून सगळ्यांना शिकवू नका” हेही तुम्हीच मला सांगायचं का?

शेवटी, राग कशाचा आला तेही लिहितो. तुमच्या प्रतिक्रियेच्या बरोबर वर एका ताईंचा प्रश्न आहे. ऑपरेशनला पाच महिने झाले, जिना उतरता येत नाही, आणि घरचे म्हणतात ढोंग करतेस. तुम्ही तो वाचलात की नाही, माहीत नाही. तुमचं मात्र त्यांनी वाचलं असणार. ताई, तुम्ही ढोंग करत नाही आहात. फिजिओथेरपी सोडू नका, आणि पाय पूर्ण सरळ होत नसेल तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा.