गळ्यातला बॅज आणि वरचं डोकं

परवा एका कॉन्फरन्समध्ये एका गृहस्थांनी माझा बॅज स्वतःच्या हाताने सुलटा करून वाचला. बॅज गळ्यात माझ्याच होता, काढून वगैरे दिला नव्हता.

बॅज एकाच कडीत अडकवलेला असतो, त्यामुळे तो दिवसभर फिरत राहतो आणि थांबतो तो नेमका कोऱ्या बाजूवर. मागच्या बाजूलाही नाव छापलं तर काय शाई संपते का? असो. ब्रेकमध्ये मी एका उंच टेबलापाशी कप घेऊन उभी होते. हे आले, हसले, "नमस्कार, नमस्कार" म्हणाले आणि चेहरा वगैरे काही न बघता नजर थेट खाली. कोरी बाजू. मग "एक मिनिट हं" म्हणत दोन बोटांनी बॅज उचलला, फिरवला, चष्मा कपाळावर चढवला आणि वाचायला लागले. दोरी आखूड, त्यामुळे मीही थोडी पुढे ओढली गेले. नाव वाचलं. हुद्दा वाचला. कंपनीच्या नावाशी आल्यावर भुवया वर गेल्या, मी जरा सावरून उभी राहिले, तेवढ्यात विचारतात, "तुमच्याकडून अजून कोणी आलंय का?"

"अजून म्हणजे?"

"म्हणजे... वरचं कोणी. डिसिजन घेणारं."

म्हटलं नाही, मीच आलेय.

"अच्छा. छान, छान." बॅज सोडला. तो गर्रकन फिरून परत कोरा.

बरं, एवढ्यावर जावं ना माणसाने! पण नाही, लगेच गेलं तर वाईट दिसेल म्हणून माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत बोलत राहिले. "सकाळचं सेशन कसं वाटलं?" मीही हट्टाने खरंच सांगायला लागले, की स्लाइडवरचा तक्ता तिसऱ्या रांगेतून वाचता येत नव्हता, आणि वक्ते स्वतःच "हे तुम्हाला दिसणार नाही" म्हणाले, मग दाखवलं कशाला. "अगदी, अगदी," ते म्हणाले, पण ते 'अगदी' माझ्यासाठी नव्हतंच, कारण त्याच क्षणी त्यांचा चेहरा उजळला, "अहो सर!" अशी आरोळी आली, आणि निघता निघता रिकामा कप माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "हा इथे ठेवतो हं, जरा बघा."

काय बघा? कप? मी काय त्याला राखण बसले होते?

आता या गृहस्थांना शिव्या घालून काही उपयोग नाही (घातल्या, मनात). पण बॅजवर नाव मुंगीएवढं, हुद्दा त्याखाली आणि स्पॉन्सरचा लोगो निम्म्या कार्डावर, हे कोण ठरवतं? नाव ठळक, लांबून वाचता येईल असं, दोन्ही बाजूंना, आणि हुद्दा नकोच. कोण कुठल्या पायरीवर उभा आहे हे कळायला दोन मिनिटं बोलावं लागलं तर कोणाचं काय बिघडतं? उलट त्या दोन मिनिटांसाठीच तर आपण आलेलो असतो, भाषणं काय नंतर व्हिडिओवर पण बघता येतात.

आणि ही काही माझी नवीन अक्कल नाही. हॅरिसन ओवेन नावाच्या अमेरिकन माणसाने वर्षभर खपून एक मोठी परिषद भरवली आणि नंतर कळलं की लोकांना सगळ्यात आवडले ते कॉफी ब्रेक. मग 1985 मध्ये त्याने सगळंच उलटं केलं. लोक गोल बसवले, आधी ठरवलेला अजेंडा नाही, ज्याला जो विषय हवा त्याने तो भिंतीवर लावायचा. यालाच ओपन स्पेस म्हणतात. त्यात एक दोन पायांचा नियम आहे, जिथे आपण काही शिकत नाही आणि काही देतही नाही तिथून पायांनी उठून दुसरीकडे जायचं, कोणी वाईट वाटून घ्यायचं नाही. आपल्याकडे मधल्या खुर्चीतून उठायचं म्हणजे अख्ख्या रांगेचे गुडघे ओलांडा आणि वर वक्त्याची नजर सोसा. पहिल्या वक्त्याने वीस मिनिटं जास्त खाल्ली तरी अध्यक्ष नुसते घड्याळाकडे प्रेमाने बघतात, कारण वक्ते त्यांचे मित्र, आणि कात्री लागते ती जेवणाआधीच्या शेवटच्या बिचारीला. "मॅडम, पाच मिनिटांत आटपाल का?" बिचारी महिनाभर तयारी करून आलेली असते हो.

पॅक-मॅन रूल (व्हिडिओ गेममधल्या त्या तोंड उघड्या गोलावरून नाव) पण तसाच, एकदम साधा. घोळक्यात उभं राहताना एका माणसाची जागा मोकळी ठेवायची, म्हणजे नवख्याला आत शिरता येतं. एरिक होल्शर नावाच्या प्रोग्रामरने सांगितलेला हा नियम काही सॉफ्टवेअर कॉन्फरन्स सुरुवातीलाच सांगतात. याला बजेट लागत नाही, एक वाक्य लागतं. पण उद्घाटनात सगळ्यांचे आभार मानून होतात, हे एक वाक्य कोणी बोलत नाही. आणि ते "मला माईक लागत नाही, माझा आवाज मोठा आहे" म्हणणारे! अहो, मागच्या रांगेत कमी ऐकू येणारं कोणी असेल, रेकॉर्डिंगवर तर तुमचा प्रश्न येणारच नाही, नुसतं उत्तर येईल, बसा मग कोडं सोडवत. आणि तो प्रश्न तरी कुठे असतो, "प्रश्न नाही, कॉमेंट आहे" म्हणून आत्मचरित्रच असतं.

हे सगळं मी फीडबॅक फॉर्ममध्ये लिहायला बसले, कारण तो भरल्याशिवाय सर्टिफिकेट डाऊनलोड होत नाही. हॉलला स्टार द्या, एसीला स्टार द्या, रजिस्ट्रेशन डेस्कच्या हसतमुखपणाला स्टार द्या. सूचनांच्या चौकटीत माझा बॅजचा पॅरा पण पूर्ण मावला नाही, मधेच टाइप व्हायचं बंद झालं. खाली शेवटचा प्रश्न, पुढच्या वर्षी येणार का, आणि पर्याय दोनच, 'हो' आणि 'नक्कीच'. मी 'हो' वर टिक केली, तेवढाच निषेध. सर्टिफिकेटच्या आधी पुढच्या वर्षीच्या अर्ली बर्ड सवलतीचा मेल आला.