‘उपलब्ध’ म्हणजे नेमकं कुठे?

संगणक म्हणतो, पुस्तक उपलब्ध आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बघावं तर कपाटात नाही! या महिन्यातली माझी चौथी खेप.

यादवकाळावर काम करणाऱ्याने जायचं कुठे? ड्यूई वर्गीकरणात, म्हणजे विषयवार आकडे देऊन पुस्तकं लावायच्या पद्धतीत, लीळाचरित्र 891.46 ला, म्हणजे मराठी साहित्यात. देवगिरीच्या यादवांचा राजकीय इतिहास 954 ला, वरच्या मजल्यावर. महानुभाव पंथ धर्मात. शिलालेख तर भलतीकडेच. एका तेराव्या शतकासाठी दिवसभर जिने चढायचे! बरं, वर्गीकरण आहे, तेवढं सोसू. पण कॅटलॉगात नाव तरी धड टाका! रोमन लिपीत ‘ळ’साठी एकाने एल लावलाय, दुसऱ्याने डबल एल, तिसऱ्याने डी. देवनागरीत शोधलं की निकाल शून्य. मराठी ग्रंथ, मराठी मुलुख, आणि मराठीत शोधायची सोय नाही. संताप येतो अक्षरशः.

काल ताम्रपटांवरचं एक जुनं पुस्तक शेवटी सापडलं. कुठे? खालच्या फळीच्या मागे पडलेलं. पुठ्ठा निखळलेला, कसरीने मधली पानं चाळणीसारखी केलेली. नेमकी वंशावळीचीच पानं गेली. त्याची दुसरी प्रत नाही, बाजारात तर मिळतच नाही. वर्षातून एकदा फळ्या झाडून पुस्तकं नोंदवहीशी ताडून बघितली असती, तर ती पानं वाचली असती हो!

काउंटरवर विचारलं तर उत्तर तेच: “कोणीतरी चुकीच्या जागी ठेवलं असेल, बघा तुम्हीच.”