समुद्र दारात, चौकशी प्लिमथची

बारावीचा निकाल लागला की गोव्याहून तोच सूर कानावर येतो. पोराला समुद्री जीवशास्त्र करायचंय, पण गोव्यात राहून काय होणार, तिकडेच पाठवतो. तिकडे म्हणजे मी राहते त्या इंग्लंडातल्या प्लिमथला. पणजीत बसून हे म्हणणाऱ्यांना दोना पावल किती लांब वाटतं कोण जाणे.

प्लिमथचं नाव मोठं, कबूल. इथल्या सिटाडेल हिलवरची समुद्री जीवशास्त्राची प्रयोगशाळा १८८८ ची आहे. पण लंडनच्या पॅडिंग्टनहून इथे यायला गाडीने तीन-साडेतीन तास लागतात, आणि तुमच्याकडे १९६६ पासूनची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोना पावलला, ध्रुवीय संशोधनाचं केंद्र वास्कोच्या हेडलँड सड्यावर, विद्यापीठ ताळगावच्या पठारावर. सकाळी निघालात तर तिन्ही फाटकं बघून दुपारी जेवायला घरी.

दुसरा हट्ट त्याहून वाईट: पदवीवर ‘मरीन’ शब्द हवाच. कशाला? बी.एस्सी. झूलॉजी किंवा बॉटनी करा, जोडीला संख्याशास्त्र घ्या. वन्यजीवांकडे जायचं असेल तर बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संस्थेची एम.एस्सी. कुठल्याही शाखेचा पदवीधर चालवून घेते. फक्त प्रवेश दर दोन वर्षांनी, तेव्हा वर्ष मोजून ठेवा. समुद्री जीवशास्त्राच्या एम.एस्सी.ला कारवारही जवळ आहे. मत्स्यखात्यात नोकरी हवी असेल तर वाट वेगळी, मत्स्यशास्त्राच्या पदवीची, म्हणजे बी.एफ.एस्सी.ची, त्याला रत्नागिरीचं शिरगाव.

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा: ओहोटीचं कोष्टक तुम्ही स्वतः वाचता की सर सांगतात? मोजणीचा ५० सेंटिमीटरचा चौकोन घेऊन हणजूणच्या खडकांवर किती वेळा गेलात? इथे उधाणाला पाणी पाच मीटर चढतं-उतरतं, किनाऱ्याचा खालचा पट्टा सावकाश मोजता येतो. गोव्यात फरक जेमतेम दोन मीटर, म्हणून ओहोटीच्या अलीकडचा तास आणि पलीकडचा तास, एवढ्यात काम उरकावं लागतं. ज्याला ते गोव्यात जमलं त्याला इथे काहीच जड जात नाही. मग नमुने टिकवण्याचं विचारा. एक भाग फॉर्मॅलिनला नऊ भाग समुद्राचं पाणी, आणि त्यात बोरॅक्स टाकतात का? नाही टाकला तर आम्लाने बारीक शिंपले झिजतात आणि ओळख पटवायला काही उरत नाही. चिठ्ठी बरणीच्या आत, पेन्सिलने लिहिलेली. शाई धुऊन जाते. एवढं हाताने करून घेणारं कॉलेज चांगलं, नाव काही का असेना.

प्रकल्प कुठल्या महिन्यात येतो हेही बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी, होड्या धक्क्याला, पाण्यात हात दिसत नाही. जानेवारीत सुरू होणारा प्रकल्पच गोव्यात तडीस जातो. त्यातही मोरजी-आगोंदची कासवं किंवा प्रवाळ निवडू नका. दोन्ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. वनखात्याची परवानगी येईतो सत्र संपतं. खाजनातल्या, म्हणजे बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनीतल्या तिसऱ्या, मानशीजवळचे, म्हणजे बांधाच्या पाणदारापाशी सापडणारे खेकडे, चोडणच्या खारफुटीतल्या गोगलगायी यांच्यावर काम कमी झालंय म्हणून कमी प्रतीचं नव्हे.

इथली एम.एस्सी. एका वर्षाची. बाहेरच्यांना फी बऱ्याच ठिकाणी वीस हजार पौंडांच्या घरात, आणि प्रत्यक्ष काम उन्हाळ्यातले तीन महिने. किनारा न बघितलेल्या मुलाचे त्यातले दोन महिने रिस्क असेसमेंट भरण्यात आणि आर ही आकडेमोडीची संगणकभाषा शिकण्यात जातात. सुट्टीत काढलेलं डायव्हिंगचं कार्ड पगारी कामाला चालत नाही, त्याला एचएसईची, म्हणजे इथल्या कामगार-सुरक्षा खात्याची, मान्यता वेगळी. त्यापेक्षा नेट द्या, जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीचे महिना ३७,००० रुपये घ्या, आणि यायचंच तर पीएच.डी.ला या, इथल्यांच्या पैशाने.

हे सगळं प्लिमथला बसून सांगणं शोभत नाही, कळतं मला. ‘मग तू का नाही येत परत?’ असं कोणी विचारलं तर मी पगाराचं आणि व्हिसाचं काहीबाही सांगते. प्लिमथजवळच्या वेंबरीच्या खडकावर कालवांसारख्या काळ्या शिंपल्यांची मोजणी करताना मात्र तोंडात ‘शिनाणे’ हे गोव्यातलं नावच येतं. तक्त्यात त्यांचं शास्त्रीय नाव मायटिलस लिहिते, आणि रात्री चुकून ते शिजवायला घेतलं तर सोलं संपलेली असतात.