‘परक्याचं पोर घरात घेऊ नका’ हा संदेश पुढे पाठवण्याआधी

गेले पंधरा दिवस गोव्यातल्या आमच्या डिचोली-साखळीकडच्या व्हॉट्सअॅप गटांतून एक संदेश फिरतोय. महिला मंडळाच्या गटात आला, भजनी मंडळाच्या गटात आला, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या गटातही आला. ‘सावधान’ या शब्दानं सुरू होतो. मजकूर थोडक्यात असा: सरकार आता फॉस्टर केअरच्या (म्हणजे मूल काही काळ दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देण्याच्या) नावाखाली परक्यांची मुलं आपल्या घरांत घुसवतंय. अशी मुलं डोक्यानं बिघडलेली असतात. उद्या ती घर-भाटात (घरात, बागायतीत) वाटा मागतील. त्यांना घेणारे लोक महिन्याच्या चार हजारांसाठीच घेतात. मुलांना आश्रमच बरा, तिथं ती सुरक्षित राहतात आणि शिस्त लागते. आईबाप दारुडे किंवा वेडे असतील तर मूल कायमचं काढूनच घ्यावं. शेवटी मोठ्या अक्षरांत: ‘आई एकच असते!’

मी अठ्ठावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते. हा संदेश मला पाठवणाऱ्यांत माझ्या जवळची माणसं आहेत, म्हणून नुसतं ‘हे खोटं आहे’ लिहून मोकळं व्हावंसं वाटलं नाही.

आधी वाट्याचं बोलते, कारण आपल्याकडे खरी धास्ती तीच आहे. ती कुठून येते ते मला कळतं. पोर्तुगीजांच्या १८६७ च्या नागरी कायद्यापासून गोव्यात मुलांचा वाटा पक्का. मृत्युपत्र केलं तरी निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखूनच ठेवावी लागते. त्यात १९७५ चा मुंडकार कायदा, भाटकाराच्या म्हणजे जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणाऱ्याला हुसकावता येऊ नये म्हणून केलेला. एकदा कुणाला घरात जागा दिली की ती गेली, हे वाक्य इथल्या प्रत्येक भाटकाराच्या ओसरीवर ऐकू येतं. पण राखीव वाटा वारसांचा असतो आणि फॉस्टर केअरमधलं मूल वारस होत नाही. दत्तक घेतलेलं मूल कायद्यानं तुमचं होतं, वारसाहक्कासकट. फॉस्टर केअरमध्ये ते बाल कल्याण समितीच्या आदेशानं काही काळ तुमच्याकडे राहतं, एवढंच. त्याचे आईवडील त्याचेच राहतात, नाव त्याचंच राहतं. फॉस्टर केअरसाठीच्या केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी दोन वर्षं सांभाळल्यावर दत्तक घेण्याची वाट मोकळी केली आहे, पण ती मूल कायद्यानं दत्तकासाठी मोकळं असेल आणि तुम्ही स्वतः मागणी कराल तेव्हाच. आपोआप काही होत नाही.

‘घुसवतंय’ हा शब्द तर निखालस खोटा. अर्ज तुम्ही करायचा. मग घरी येऊन चौकशी होते, घरातल्या प्रत्येकाशी बोलतात, मुलाचं म्हणणं ऐकतात, आणि त्यानंतर समिती ठरवते. पूर्वी फक्त जोडप्यांनाच मूल मिळे. आता ३५ ते ६० वयाच्या एकट्या व्यक्तीलाही अर्ज करता येतो. एकट्या पुरुषाकडे मात्र मुलगी देत नाहीत.

चार हजारांबद्दल फार लिहीत नाही. मिशन वात्सल्य या बालसंरक्षणाच्या सरकारी योजनेत मुलामागे महिन्याला तेवढे मिळतात, हे खरं. ज्यांच्या घरी दहा-बारा वर्षांचं मूल आहे त्यांनी दूध, वह्या, चपला, डॉक्टर यांचा हिशेब मांडून पाहावा आणि यात कमाई कुठं उरते ते मला सांगावं. शिवाय बाल न्याय कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे समितीनं अशा घराची दर महिन्याला पाहणी करायची असते. पैशांसाठी मूल घेणारा एखादा निघेलही, मी नाही म्हणत नाही. त्यासाठीच ती पाहणी आहे, आणि ती कागदावर न राहता खरोखर होते का, हे आपण सगळ्यांनी विचारत राहायला हवं.

आता ‘डोक्यानं बिघडलेली’. हे वाचून मला सगळ्यांत जास्त त्रास झाला.

अशी मुलं मी वर्गात पाहिली आहेत. एक मुलगा मधल्या सुट्टीतली अर्धी पाव-भाजी दप्तरात लपवून ठेवायचा; वह्यांना तेल लागायचं म्हणून मी त्याला ओरडायची. कुणाचा हात वर गेला की एक मुलगी डोकं झाकायची, तो हात फळा पुसायला गेलेला का असेना. सातव्या-आठव्या वर्षी अंथरूण ओलं करणारी, साध्या प्रश्नालाही खोटं उत्तर देणारी, प्रेमानं जवळ घेतलं की चावणारी मुलं असतात. ज्यानं रात्रीची पेज मिळेल याची खात्री कधी अनुभवली नाही, तो अन्न लपवणारच. त्याच्या घरात तेच शहाणपण होतं. तुमच्या घरात आल्यावर महिना-दोन महिन्यांत ते जात नाही; कधी कधी वर्षं लागतात. एखाद्या घराला हे झेपत नाही आणि मूल परत जातं, हेही घडतं. म्हणून मूल सोपवताना त्या कुटुंबाला समुपदेशकाचा आधार मिळालाच पाहिजे, यावर माझा आग्रह आहे. पण या वागण्याला कायमचा बिघाड म्हणणं चूक आहे.

याचा पुरावा रुमानियातून आला. बुखारेस्टमध्ये २००० साली शास्त्रज्ञांनी अनाथालयांतली १३६ लहान मुलं अभ्यासाला घेतली. निम्मी मुलं तयारी करून घेतलेल्या पालक कुटुंबांत ठेवली, बाकीची नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबांत गेलेल्या मुलांची बुद्धी, भावना, माणसाला बिलगण्याची ओढ, सगळ्यात सुधारणा दिसली. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांत तर अधिकच. आणि त्या कुटुंबांना पैसा आणि समाजसेविकांची साथ, दोन्ही दिली होती.

आपल्याकडे मनाच्या आजाराचं नाव घेतलं की ‘बांबोळीला नेलं’ असं कुजबुजतात. ज्या भूमीनं संमोहनाचा अभ्यास करणाऱ्या आबे फारियांसारखा माणूस दिला, ज्यांचा पुतळा पणजीत जुन्या सचिवालयापाशी उभा आहे, त्या भूमीत मनाच्या औषधाची लाज का वाटावी? बांबोळीच्या मानसोपचार संस्थेची बाह्यरुग्ण चिठ्ठी आणि गोमेकॉतल्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या) हाडांच्या विभागाची चिठ्ठी यांत काडीचा फरक नाही. घराबाहेर पडायचं नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांक आहे.

आश्रमच सुरक्षित, हे वाक्य गोव्यात लिहायला धाडस लागतं. १९९१ मध्ये मडगावात फ्रेडी पीट्सला अटक झाली. तो अनाथ मुलांचा आश्रम चालवत होता. लोक त्याला दानशूर समजत. आत मुलांचं वर्षानुवर्षं लैंगिक शोषण चाललं होतं. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. २००३ चा गोवा बालक कायदा आला तेव्हा या प्रकरणाची आठवण ताजी होती. सगळे आश्रम तसे नसतात. मनापासून राबणारी माणसं मला माहीत आहेत, आणि काही मुलांना काही काळ तिथंच ठेवावं लागतं. पण चार भिंती आणि वरची पाटी यांनी सुरक्षितता येत नाही. बाल न्याय कायदाही मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानतो. शिस्तीबद्दल एवढंच सांगते, की घंटेवर उठणारं मूल शिस्तीचं दिसतं, पण ताप आल्यावर रात्री कुणाला हाक मारायची हे त्याला ठाऊक नसतं.

‘आई एकच असते’ म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जण माशेलच्या देवकीकृष्णाला जातात. तिथं कृष्ण देवकीजवळ आहे, आणि पाळणा म्हणताना आपण यशोदेचं नाव घेतो. कुणाला त्यात अडचण वाटत नाही. कलम ४४ मध्ये हेच साध्या भाषेत आहे: आईवडिलांना मुलाला भेटता येतं, ते सांभाळायला सक्षम झाले की मूल त्यांच्याकडे परतू शकतं, आणि भावंडांना शक्यतो एकत्र ठेवायचं.

उरला शेवटचा मुद्दा: दारुडा बाप, वेडी आई, मूल कायमचं काढून घ्या.

सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्या तालुक्यात कितीतरी ट्रक दारात उभे राहिले. माझ्या चौथीतल्या एका मुलीच्या वडिलांचा त्यांतला एक. बँकेचा हप्ता थांबेना, बाप पिऊ लागला. तिची आई दुसऱ्या बाळंतपणानंतर आधीच हरवल्यासारखी झाली होती. मग तिला आवाज ऐकू येऊ लागले. शेजाऱ्यांनी कळवलं आणि मुलीची रवानगी दूरच्या एका आश्रमात झाली. धाकटा आजीकडे गेला. आईला औषधं लागू पडली, सहाएक महिन्यांत ती स्वयंपाक करू लागली, बाजाराला जाऊ लागली. मुलगी मात्र चार वर्षं तिथंच राहिली. कागद कुणी पुढे सरकवला नाही. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीलासुद्धा तिला घरी पाठवलं नाही, आणि गणपतीवर बांधायच्या माटोळीला लागणारी रानफळं आणायला आईबरोबर रानात जाणारी तीच मुलगी होती.

आई आजारी आहे म्हणजे ती आई उरली नाही, असं कायदा मानत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर, आई मनोरुग्णालयात दाखल असली तरी तिचं तीन वर्षांखालचं मूल सहसा तिच्यापासून तोडायचं नाही, असं लिहिलं आहे. मिशन वात्सल्यमधून प्रायोजकत्वाचे महिना चार हजार मूल स्वतःच्याच घरी राहावं म्हणूनही मिळतात: आई विधवा असेल, आईबाप गंभीर आजारी असतील, उत्पन्न खेड्यात वर्षाला ७२ हजार, शहरात ९६ हजारांच्या आत असेल तर. दारूचंही तसंच. १९९६ पासून गोव्यात काम करणाऱ्या संगाथ या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं इथल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत, इथल्याच सामान्य माणसांना शिकवून समुपदेशक केलं. नैराश्याच्या रुग्णांना आठवड्याला एक अशी सहा ते आठ सत्रं दिली, दारूच्या आहारी गेलेल्या पुरुषांना त्याहून कमी. २०१७ मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांत, नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा हे मिळालेल्यांत नैराश्य अधिक उतरलं, पिणं आटोक्यात आलेलेही जास्त निघाले. म्हणजे तो ट्रकवाला बाप हाताबाहेर गेलेला नव्हता. त्याच्या शेजारी बसून बोलणारं कुणी नव्हतं.

त्या मुलीच्या घरापासून माझं घर चालत दहा मिनिटांवर. माझ्याकडे एक खोली रिकामी होती. शाळा तीच राहिली असती, दर रविवारी आईकडे जाऊन आली असती. मी तेव्हा फक्त हळहळले.

गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात तिची आई भेटली. आता ती लोणची-पापड विकते, गोळ्या वेळेवर घेते. फिरणारा संदेश तिच्याही फोनवर आला होता. तिनं तो मला दाखवला आणि विचारलं, ‘‘बाई, हे असं शेजारच्या घरात ठेवायचं, हे तेव्हा होतं?’’

तेव्हाच्या, म्हणजे २००० च्या बाल न्याय कायद्यात फॉस्टर केअरचं कलम ४२ होतं. ‘‘होतं,’’ मी म्हटलं, ‘‘मलाच ठाऊक नव्हतं.’’