तो महापालिकेचा मेसेज आपल्या बेळगावचा नाहीच

गेले आठ-दहा दिवस एक मेसेज फिरतोय. वडगाव, शहापूर, खासबाग, अनगोळ, सगळीकडच्या ग्रुपात येऊन गेला. माझ्या दुकानात रोज दोघं-तिघं मोबाईल पुढं करून विचारतात, अक्का हे खरं काय ओ? तोंडी सांगून सांगून घसा बसला म्हणून लिहायला घेतलं. माझं वडगावात झेरॉक्सचं दुकान आहे, पण झेरॉक्स कमी आणि लोकांचे अर्ज भरून देणंच जास्त चालतं, घरपट्टीचं चलन, जन्माचा दाखला, उतारा, नळाचं कनेक्शन, पेन्शन, सगळं. त्यामुळं कुठला कागद कुठल्या टेबलावर जातो हे रोजचं आहे.

ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी मेसेज थोडक्यात असा. महापालिकेत महापौर सांगेल तीच पूर्व दिशा, आयुक्त फक्त सह्या करतो. तिजोरीची किल्ली स्थायी समितीच्या १६ जणांकडं असते, त्यांना धरा. रस्ता, पाणी, लाईट, शाळा, बस सगळं महापालिकेचं, तेव्हा जबाबदार एकटी महापालिकाच. आत भरमसाठ माणसं भरून ठेवलीत, ती बसून पगार घेतात. मराठीत अर्ज दिला तर कुणी बघत नाही, म्हणून देऊच नका. आणि शेवटी उपाय काय, तर सगळ्यांनी मिळून घरपट्टी बंद करा.

लिहिणाऱ्याचा राग मला कळतो, गटार तुंबलं की मलाही राग येतो. पण माहिती चुकीची आहे, आणि चुकीच्या माहितीवर आपली माणसं चुकीच्या दारात जाऊन उभी राहतात, दिवसाची मजुरी बुडवून.

आधी त्या १६ जणांचं बघू, कारण मेसेज कुठून आला ते तिथंच कळतं. १६ जणांची एक स्थायी समिती ही महाराष्ट्रातल्या महापालिकांची पद्धत आहे, कोल्हापूर, सांगली, पुणे तिकडची. तिकडं खर्चाच्या मोठ्या गोष्टी तिथून पास होतात हे खरं. पण आपली महापालिका चालते कर्नाटकच्या १९७६ च्या महापालिका कायद्यावर, आणि त्यात एक नाही, चार स्थायी समित्या आहेत. अर्थ, आरोग्य, बांधकाम आणि लेखा असं आपण म्हणतो, प्रत्येकीत ७ नगरसेवक. आरोग्य समितीच्या नावात शिक्षण आणि सामाजिक न्याय पण येतं, बांधकामवालीकडं नगररचना. म्हणजे तुमच्या गल्लीतल्या कचऱ्याचा विषय असेल तर आरोग्य समितीच्या अध्यक्षाकडं जायचं, लेखा समितीच्या माणसाला धरून काही होणार नाही. कुणीतरी तिकडचा मेसेज उचलून वर बेळगाव लिहिलंय, बस्स.

आता महापौर. आपल्या कायद्यात महापालिकेचे तीन अधिकारी-मंडळ धरलेत, एक सगळ्या नगरसेवकांची सभा, दोन स्थायी समित्या, तीन आयुक्त. महापौर सभा चालवतो, विषय घेतो, कागद मागवू शकतो, कामाची पाहणी करू शकतो, ते सगळं आहे आणि ते कमी नाही. पण रोजचा कारभार, म्हणजे ठरावाची अंमलबजावणी, स्टाफवर हुकूम, ते आयुक्ताकडं. आणि आयुक्त नेमतं कोण? राज्य सरकार, बेंगळूरातून. महापौराला आयुक्त नेमता येत नाही, बदलताही येत नाही. शिवाय महापौर बसतो किती दिवस? महाराष्ट्रात अडीच वर्षं, आपल्याकडं २०२३ ला निवडणूक झाली, २०२४ ला झाली, २०२५ ला परत झाली, वर्षाला एक नवा माणूस. खुर्चीवर बसून खाती कळेपर्यंत पुढची निवडणूक येते. आणि ती निवडणूक घेतात प्रादेशिक आयुक्त, म्हणजे महापालिकेचे नव्हे, राज्याचे विभागीय अधिकारी, मत फक्त ५८ नगरसेवक देत नाहीत, आमदार खासदार पण देतात.

याचा पुरावा कायद्यात शोधायला नको, आपण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय. २०२१ च्या सप्टेंबरात महापालिकेची निवडणूक झाली, ५८ जण निवडून आले, आणि महापौर कधी झाला? फेब्रुवारी २०२३. १७ महिने शहराला महापौर नव्हता. त्याच्या आधी २०१९ पासून तर सभागृहच नव्हतं, प्रशासक होते. त्या काळात माझ्या दुकानातून घरपट्टीची चलनं गेली, दाखले निघाले, कचऱ्याच्या गाड्या आल्या. महापौराशिवाय मशीन चालू राहतंय म्हणजे स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात आहे, नव्हे काय? आणि जुन्या माणसांना २००५ आठवत असेल. महाराष्ट्रात जाण्याचा ठराव सभागृहानं केला, महापौर विजय मोरेंच्या तोंडाला बेंगळूरात काळं फासलं, आणि सरकारनं महापालिकाच बरखास्त केली. २०११ ला परत बरखास्त. महापौर मालक असता तर असं झालं असतं का. आपण मराठी माणसं महापौर कोण होतोय याच्यावर जीव टाकतो, ते मनापासून असतंय, मी पण टाकते, पण तेवढाच जीव आयुक्त कोण आला आणि त्याच्या टेबलावर आपला कागद पोचला का याच्यावर टाकायला पाहिजे.

सगळं महापालिकेचं, हा मुद्दा सगळ्यात जास्त घात करतो म्हणून इथं जरा थांबते. मागच्या पावसाळ्यात आमच्या बाजूच्या गल्लीत रस्ता खचला, एक म्हातारे तात्या सायकलसकट त्यात गेले. त्यांचा मुलगा अर्ज घेऊन चार ऑफिसं फिरला. एकात म्हणाले पाईपवाल्यांनी खणलंय त्यांना सांगा, पाईपवाले म्हणाले रस्ता आमचा नव्हे, तिसरीकडं म्हणाले हे काम दुसऱ्या योजनेतलं, चौथीकडं साहेब मीटिंगला. त्या पोराची चूक एवढीच की कुठला रस्ता कुणाचा हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं, मला पण तेव्हा नीट माहीत नव्हतं. नंतर बसून काढलं.

तर असं आहे. गल्लीतला आतला रस्ता, गटार, ड्रेनेज, कचरा, गल्लीतल्या लाईटचा दिवा, जन्म-मृत्यू दाखले, बांधकाम परवाना, दुकानाचं लायसन्स, हे महापालिकेचं. पण लाईटमध्ये येणारा करंट हेस्कॉमचा, म्हणजे राज्याच्या वीज कंपनीचा, दिवा गेला तर महापालिका आणि वायर तुटली तर हेस्कॉम. राकसकोप आणि हिडकलच्या धरणांतून येणाऱ्या पाण्याचं काम आधी नागरी पाणीपुरवठा मंडळ बघायचं, ते पण राज्याचं, आता काही वर्षांपासून चोवीस तास पाण्याच्या योजनेत एलअँडटी या खाजगी कंपनीकडं दिलंय. बाहेरून जाणारा पुणे-बेंगळूर हायवे केंद्राचा, काही मोठे रस्ते राज्याच्या बांधकाम खात्याचे. काही रस्ते स्मार्ट सिटीतून झाले, २०१६ ला पहिल्या २० शहरात आपलं नाव आलं तेव्हा त्यासाठी वेगळी कंपनीच काढली होती. नवीन लेआऊट पाडायचं काम बुडाचं (बेळगाव नगरविकास प्राधिकरण), हस्तांतर होईपर्यंत तिथल्या गटारीचं पण महापालिकेला विचारून उपयोग नाही. आणि कॅम्प तर पूर्ण वेगळं, कॅन्टोन्मेंट बोर्ड, संरक्षण खात्याखाली. कॅम्पातल्या माणसानं सुभाषनगरच्या महापालिका ऑफिसात जाऊन कचऱ्याची तक्रार केली तर ती कुणी घेणारच नाही, आणि हिंडलग्याच्या माणसानं केली तर त्याची ग्रामपंचायत आहे.

शाळा आणि बस तर मेसेज तिकडचा असल्याचा दुसरा पुरावा. कोल्हापुरात केएमटी महापालिकेची, तिकडं महापालिकेच्या शाळा असतात. आपल्याकडं सिटी बस वायव्य कर्नाटक परिवहनची, आणि सरकारी मराठी शाळा राज्याच्या शिक्षण खात्याच्या. शाळेला मास्तर नाही म्हणून नगरसेवकाच्या दारात मोर्चा नेणारे पालक मी बघितलेत. नगरसेवक तरी काय करणार, मास्तर नेमायचा अधिकार त्याच्या सभागृहालाच नाही. तो मोर्चा बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकारी ऑफिसला गेला पाहिजे होता.

माणसं भरून ठेवलीत म्हणे. कोण भरणार? महापालिकेत कुठली पदं किती हे राज्याचं नगर प्रशासन खातं ठरवतं, भरती तिकडून, बदली तिकडून. वर उपायुक्त, महसूल अधिकारी, इंजिनिअर, आरोग्याधिकारी, पर्यावरण अभियंता, नगररचना अधिकारी, मुख्य लेखाधिकारी, कौन्सिल सेक्रेटरी अशी साखळी आहे, त्यातले कितीतरी जण दुसऱ्या खात्यातून काही काळासाठी आलेले असतात, आज इथं, उद्या विजापूर नाहीतर हुबळी. खाली महसूल निरीक्षक, बिल कलेक्टर, आरोग्य निरीक्षक, ज्युनिअर इंजिनिअर, आणि खरं तर तुमचं काम या खालच्या लोकांकडंच असतंय. एकाच माणसाकडं दोन-तीन वॉर्ड असतात आणि तो टेबलावर दिसला नाही की लोक म्हणतात फुकट पगार.

पण त्या मेसेजनं ज्यांना एका ओळीत उडवलंय त्यात पौरकार्मिक, म्हणजे सफाई कामगार पण आले, आणि ते वाचून मला मनापासून वाईट वाटलं. सकाळी साडेपाचला झाडू घेऊन बाहेर पडणारी ती बाई बसून पगार घेते? राज्याचा नियम आहे ७०० लोकसंख्येला एक पौरकार्मिक. २०११ च्या जनगणनेत आपलं शहर पाच लाखाच्या जरा खाली होतं, म्हणजे त्या हिशेबानंच सातशेच्या आसपास माणसं पाहिजेत, आणि शहर तेव्हापासून केवढं वाढलंय बघा. शेकडो हा आकडा मोठा वाटतो, पण शहराचा कचरा गोळा करून तुरमुरीच्या कचरा डेपोपर्यंत पोचवायला तेवढे हात लागतातच. यातले कितीतरी वर्षानुवर्षं कंत्राटावर होते, कायम व्हायला त्यांना राज्यभर आंदोलनं करावी लागली. माझ्या दुकानात त्यांची मुलं स्कॉलरशिपचे फॉर्म भरायला येतात. त्यांना तो मेसेज दाखवा आणि मग पुढं पाठवा.

बरं, कोण किती पगार घेतो, कुणाकडं कुठलं काम, हे गुपित नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणं प्रत्येक ऑफिसनं आपली रचना, अधिकाऱ्यांची यादी, त्यांची कामं आणि पगार स्वतःहून जाहीर करायचे असतात. दिसत नसेल तर १० रुपयांचा अर्ज करा, कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत लिहायचं, ३० दिवसात उत्तर यायला पाहिजे. पोकळ आकडे फिरवण्यापेक्षा हे करा.

आता मराठीतला अर्ज. मेसेज म्हणतो देऊच नका. हे मी अजिबात मान्य करत नाही. राज्यघटनेच्या कलम ३५० मध्ये सरळ लिहिलंय की गाऱ्हाणं घालायला केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडं, त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत अर्ज देता येतो. मराठी या जिल्ह्यात घराघरात बोलतात, ती वापरातली भाषा नव्हे तर काय. उत्तर कन्नडमध्ये येईल, कारभाराची भाषा ती आहे, पण तुमचा अर्ज घेणार नाही असं म्हणता येत नाही. मी काय करते सांगते, अर्ज मराठीत लिहिते, खाली चार ओळी कन्नडमध्ये विषय लिहिते, कारण टेबलावरच्या माणसाला काम करायचं असेल तर ते सोपं व्हावं, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय हलायचं नाही. शिक्का घेतला नाही म्हणून गेलेले अर्ज भाषेवरून गेलेल्या अर्जांपेक्षा कितीतरी जास्त बघितलेत मी. दाखला, खाता (मालमत्तेची नोंद) बदल, परवाना अशी कामं सकाळ कायद्याखाली येतात (सकाळ म्हणजे कन्नडमध्ये वेळेवर), त्यात अर्ज दिला की १५ आकडी नंबर मिळतो, तो मागून घ्या. मुदत टळली तर त्या नंबरावर अपील आहे, दिवसाला २० रुपये भरपाई पण आहे, ५०० पर्यंत. रक्कम लहान आहे पण ती साहेबाच्या पगारातून जाते, म्हणून नंबर मागितला की काम हलतं. आपण अर्जच दिला नाही तर कागदोपत्री आपली तक्रार नाहीच, आणि मग उद्या कुणी म्हटलं की मराठी लोकांची काही तक्रार नाही, तर दाखवणार काय?

राहिली घरपट्टी. बंद केली तर झळ कुणाला लागेल ते बघा. कायम स्टाफचा पगार राज्याकडून येणाऱ्या अनुदानातून होतो, साहेबाचा पगार तुमच्या घरपट्टीवर थांबत नाही. थांबणार ते वॉर्डातलं काम, ड्रेनेजची दुरुस्ती, कचऱ्याच्या गाडीचं डिझेल, लाईटचे दिवे. त्यातला काही भाग तर महापालिकेकडं राहतही नाही, लायब्ररी सेस, बेगर सेस (भिकाऱ्यांच्या पुनर्वसनासाठीचा कर) गोळा करून पुढं द्यायचा असतो. एप्रिलात भरली तर ५ टक्के सूट मिळते आणि उशीर झाला की दंड महिन्या-महिन्याला चढतो, आणि चालू चलन नसेल तर खाता नावावर होत नाही, उतारा मिळत नाही.

खासबागचे एक मागवाले मामा आहेत. काही वर्षांपूर्वी असाच एक मेसेज आला होता, त्यांनी ऐकला, घरपट्टी सोडून दिली. या उन्हाळ्यात मुलीच्या लग्नासाठी घरावर कर्ज काढायचं ठरलं, बँकेनं उतारा मागितला. माझ्या काउंटरवर बसून आम्ही दोघांनी वर्षावर वर्ष लावून बाकी आणि दंड जोडला, मामांनी आकडा दोनदा वाचायला सांगितला, आणि मग खिशातून फोन काढून विचारलं, तो मेसेज कुणी पाठवला होता ते आता कळतंय काय गं.