वाचलेला पैसा दाखव, दादा

गेल्या रविवारी वडगाव बुद्रुकच्या दादाशी फोनवर चांगलंच वाजलं. दादा माझा चुलतभाऊ, वयाने मोठा, जन्मभर लोकांचे हिशेब तपासत आलेला. त्याचं म्हणणं, आरोग्य खात्यातल्या सल्लागार समित्या दहाच्या दोन करा आणि चहा-बिस्किटांचा पैसा औषधांना द्या. वर आणखी, "तुमच्या टेक्सासात हेच करतात ना?"

करतात. १९७७ च्या कायद्याने इथे सनसेट कमिशन आलं. साधारण दर बारा वर्षांनी खात्यांची झडती होते. २०१५ मध्ये आरोग्य खाती एकत्र करताना कितीतरी सल्लागार समित्या कायद्यातून काढल्या आणि कोणत्या ठेवायच्या ते आरोग्य खात्याच्या कमिशनरवर सोपवलं. पण दादा, इथे विधेयकाला फिस्कल नोट, म्हणजे खर्च-बचतीचा अंदाज, जोडलेली असते. मी त्या वाचतो. समित्या कमी करणाऱ्या विधेयकांवर अनेकदा एकच ओळ भेटते: राज्यावर लक्षणीय आर्थिक परिणाम अपेक्षित नाही. असणार कसा? सदस्यांना पगार नसतो, फार तर प्रवासखर्च. इतिवृत्त लिहिणारा कारकून दुसऱ्या टेबलावर जातो, त्याचा पगार तसाच राहतो.

आपल्याकडे तर बहुतेक समित्या शासन निर्णयाने जन्मतात. विधेयकच नाही, म्हणून खर्च सांगणारं वित्तीय ज्ञापनही नाही. वाचले किती, हे सांगायला कुणी बांधील नाही. मग "पैसा वाचेल" हे तू कशावरून म्हणतोस? पैशाचंच बोलायचं तर २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्चायला सांगितलं होतं, २०२० पर्यंत. त्यावर भांड ना!

आणि जी समिती मोडते ती नेमकी कुठली, हेही बघ. गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छता यांची मिळून एकच ग्रामसमिती असते. ती ग्रामपंचायतीची. २०२१ मध्ये तेवीस गावं पुणे महापालिकेत आली, त्यात पुण्याजवळचं नांदेड गाव आणि किरकटवाडीही. ग्रामपंचायत गेली की तिची समितीही जाते. जानेवारी २०२५ मध्ये त्याच पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे नसांवर घाला घालणाऱ्या गियाँ-बारे आजाराचे, रुग्ण निघाले, नांदेडच्या विहिरीपाशी चौकशी जाऊन पोचली, दोनशेच्या वर संशयित रुग्ण झाले, कितीजण व्हेंटिलेटरवर गेले. समिती असती तर हे टळलं असतं असं मी म्हणत नाही. पण विहिरीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची पावडर, पडली का, हे विचारायला गावातली चार माणसं कागदोपत्री नेमलेली असणं आणि नसणं, यात फरक आहे. या आजारावरच्या इम्युनोग्लोब्युलिन औषधाच्या बाटल्यांचं बिल कुठल्या बचतीत धरायचं, ते सांग.

दादा चिडला. "त्या जानेवारीत आम्ही पाणी उकळून पीत होतो. तू तिकडे नळाचं पाणी पीत होतास. तुला काय पडलंय?"

पडलंय. अण्णा, माझे वडील, निवृत्तीनंतर आमच्या गावच्या अशाच ग्रामसमितीवर होते. वर्षाला दहा हजारांचा अबंधित, म्हणजे गरजेप्रमाणे खर्चायचा, निधी, आणि त्याचा हिशेब त्यांच्या निळ्या वहीत. समितीची सभा कुणी चुकवली तर घरी जाऊन बोलावून आणायचे. मी त्यांना म्हणायचो, अण्णा, या वयात कशाला दगदग? ते गेले तेव्हा मी वेळेवर पोचलो नाही.

इथे ऑस्टिनला समित्यांच्या सभा खुल्या असतात, नाव नोंदवलं की मिनिटं मोजून बोलू देतात. चौदा वर्षांत मी एकदाही गेलो नाही. मत इथे देता येत नाही, आणि तिथल्या मतदानालाही पोचणं होत नाही. बोलायला मला दादाच उरलाय, आणि त्याच्याशी मी आवाज चढवतो.

गावचं घर बंद केल्यापासून अण्णांची वही दादाच्या कपाटात आहे. वाद निवल्यावर मी ती काढायला सांगितली. तो चष्मा शोधत बसला, मग पानं उलटल्याचा आवाज आला, आणि हिशेब तपासतात त्या सुरात तो वाचू लागला. "टीसीएल दोन पाकिटं. वजनकाटा दुरुस्ती. तालुक्याची सभा, एसटी जाऊन-येऊन सोळा रुपये..." इथे तो थांबला. मग म्हणाला, "हे निधीत नाही धरलेलं. पुढे लिहिलंय, स्वतःचे."